खिशातला एक वॅट

२०१० साली कॅसिओ कंपनीनं पाऱ्याचा दिवा नसलेला एक प्रोजेक्टर बाजारात आणला. वर्गात किंवा कचेरीत भिंतीवर तक्ते दाखवायचे एवढंच त्याचं काम. कुणी बातमी करावी असं त्यात काही नव्हतं. पण हौशी लेझरवाल्यांनी त्याचे स्क्रू काढले तेव्हा आत निळ्या लेझर डायोडांची फलटणच सापडली. चोवीस डायोड, तरंगलांबी ४४५ नॅनोमीटर, आणि नीट प्रवाह दिला तर एकेकातून वॅटभर प्रकाश. तोवर एवढ्या ताकदीचा निळा लेझर ही प्रयोगशाळांनी अनुदानातून घ्यायची वस्तू होती. आता प्रोजेक्टरची किंमत भागिले चोवीस केलं की एका डायोडचा हिशेब शंभर डॉलरांच्या आत बसत होता. लोकांनी नवेकोरे, चालते प्रोजेक्टर विकत घेऊन फोडले.

त्याच वर्षी जूनमध्ये हाँगकाँगच्या विकेड लेझर्स या कंपनीनं हा डायोड एका ॲल्युमिनियमच्या नळीत बसवला आणि 'स्पायडर थ्री आर्क्टिक' या नावानं विकायला काढला. ताकद एक वॅट, किंमत दोनशे डॉलरांना दोन-तीन कमी. जाहिरातीचा भर या नळीनं काय काय पेटतं यावर होता. आणि मग वकिलाचं पत्र आलं, पण ते डोळ्यांबद्दल नव्हतं. 'स्टार वॉर्स'वाल्या लुकासफिल्मचं म्हणणं असं, की या नळीची मूठ आमच्या चित्रपटातल्या प्रकाशाच्या तलवारीसारखी दिसते, सबब विक्री थांबवा. पुढे ते प्रकरण मिटलं. पण जगभर गाजली ती हीच नोटीस. समोरच्याचा डोळा क्षणात निकामी करू शकणारी वस्तू पोस्टानं घरपोच मिळतेय, आणि पहिला बोभाटा झाला तो मुठीच्या आकाराचा!

विकणाऱ्यानंही आपली बाजू सांभाळली होती. खरेदीआधी गिऱ्हाइकाला एक धोका-कबुलीनामा मान्य करावा लागे : ही चौथ्या, म्हणजे सगळ्यांत धोक्याच्या वर्गाची वस्तू आहे, हिनं डोळे जाऊ शकतात, कातडी भाजू शकते, हे मला ठाऊक आहे. टीका वाढल्यावर सुरक्षा-कुलूप आलं, प्रकाश कमी करणारं भिंग आलं, चष्म्याचा आग्रह आला. कायद्याच्या विद्यार्थ्याला हा कबुलीनामा मोठा रंजक वाटेल. सही करतो तो विकत घेणारा. पण लेझर कुणी स्वतःच्या डोळ्यात सहसा मारत नाही. सौदा दोघांचा, आणि डोळा तिसऱ्याचा; त्या तिसऱ्यानं कुठंच सही केलेली नसते. हौशी लेझरांच्या विक्रीतले कायद्याचे जवळजवळ सगळे पेच या तिसऱ्या माणसापाशी येऊन अडतात.

त्या डोळ्याचं काय होतं ते आधी पाहू. घरातल्या दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो. लेझरचा किरण पसरत नाही. तो जवळजवळ समांतर येतो आणि डोळ्याचं भिंग त्याला पडद्यावर एका सुईच्या टोकाएवढ्या जागी गोळा करतं. बुबुळावर पडलेल्या प्रकाशाची तीव्रता पडद्यावर पोचेपर्यंत लाखपट होते. निसर्गानं दिलेलं संरक्षण एकच : झगमगाट झाला की पापणी मिटते. त्याला सुमारे पाव सेकंद लागतो. एक मिलिवॅटच्या लेझरला हा पाव सेकंद पुरतो. एक वॅट म्हणजे त्याच्या हजारपट. तिथं पापणी हलायच्या आत काम झालेलं असतं. दीड मिलिरेडियननं पसरणारा एक वॅटचा किरण घेऊन गणित मांडलं, तर सुमारे दीडशे मीटरपर्यंत तो पडद्याला इजा करू शकतो. शिवाय निळ्या रंगाची एक खोड आहे. या तरंगलांबीला आपला डोळा फारसा संवेदनशील नाही, त्यामुळे तेवढ्याच ताकदीच्या हिरव्यापुढे निळा मंद दिसतो. मंद दिसतो म्हणून माणूस बिनधास्त होतो. इजा मात्र मंद होत नाही.

आता कायदा. अमेरिकेचा घेतो, कारण या धंद्याचं मोठं गिऱ्हाईक तिथं होतं आणि नियमही सगळ्यांत जुने तिथले.

१९६७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत टीव्ही संचांमधून प्रमाणाबाहेर क्ष-किरण निसटत असल्याचं उघड झालं. घराघरांत मुलं पडद्याला नाक लावून बसलेली. साहजिकच गदारोळ झाला. त्यातून ऑक्टोबर १९६८ मध्ये प्रारण-नियंत्रणाचा कायदा आला. त्या मसुद्यात 'प्रारण' या सदराखाली क्ष-किरणांपासून दिसणाऱ्या प्रकाशापर्यंत, अगदी श्राव्यातीत ध्वनिलहरींपर्यंत सगळं घातलं गेलं. टीव्हीसाठी टाकलेल्या जाळ्यात लेझर आयताच सापडला. अंमलबजावणी गेली एफडीएकडे, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाकडे. लेझर आणि औषधखातं हे नातं आपल्याला चमत्कारिक वाटतं, पण त्यामागे ही टीव्हीची गोष्ट आहे. १ ऑगस्ट १९७६ नंतर बनलेल्या प्रत्येक लेझर-वस्तूला हे नियम लागू झाले. तेव्हा लेझर म्हणजे हेलियम-निऑनची काचेची नळी, टेबलावर ठेवायची, भिंतीत प्लग लावायचा. खिशात मावणारा वॅट कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

नियमांनी वर्ग पाडले. दिसणाऱ्या प्रकाशासाठी दुसरा वर्ग एक मिलिवॅटपर्यंत, तिसऱ्याचा 'अ' पाचपर्यंत, 'ब' पाचशेपर्यंत आणि त्यापुढे चौथा. 'ब' आणि चौथ्यासाठी वस्तूवर काय काय हवं तेही लिहून ठेवलं : किल्लीनंच चालू होणारं कुलूप, दुरून बंद करण्याची जोडणी, किरण सुरू असल्याचा दिवा, किरण अडवणारी झडप, ठरावीक सूचनापट्ट्या. चौथ्या वर्गाला याशिवाय एक अट : वीज जाऊन आली तर लेझर आपोआप सुरू व्हायचा नाही, माणसानंच तो पुन्हा सुरू करायचा.

आणि इथं पहिली गंमत आहे. एवढं सगळं बसवलं, तर चौथ्या वर्गाचा लेझर विकायला अमेरिकेत सरसकट बंदी नाही. जवळ बाळगायला तर केंद्रीय कायद्यानं मुळीच नाही. मग 'पाच मिलिवॅटच्या वर बेकायदा' हे वाक्य येतं कुठून? ते येतं विक्रीच्या उद्देशातून. मोजणी, सपाटी आणि सरळरेषा तपासण्यासाठी किंवा प्रात्यक्षिकासाठी विकलेल्या लेझरला तिसऱ्याच्या 'अ'च्या पुढे जाता येत नाही, आणि पॉइंटर या कोठड्यांमध्ये मोडतो. म्हणजे तीच नळी 'पॉइंटर' म्हणून विकली तर गुन्हा, आणि किल्ली-झडप लावून 'हातातला लेझर' म्हणून विकली तर चालून जाऊ शकते. विकणाऱ्यांना हे कळायला वेळ लागला नाही. 'आम्ही पॉइंटर विकत नाही' हे वाक्य दुकानांच्या पाट्यांवर झळकू लागलं. मला हा कायद्याचा मूळ कच्चेपणा वाटतो. ताकद मोजता येते, उद्देश मोजता येत नाही. पण कायद्यानं जास्त भरवसा ठेवला तो उद्देशावर.

दुसरी पळवाट सुट्या भागांची. दुसऱ्या उत्पादकाला त्याच्या यंत्रात बसवण्यासाठी लेझर विकला, आणि हा केवळ सुटा भाग आहे, स्वतः नियमांत बसत नाही असं त्यावर लिहिलं, तर सूट मिळते. सूट रास्त आहे. छपाईयंत्र बनवणाऱ्याला डायोड लागणारच, आणि किल्ली-झडपेची जबाबदारी शेवटी त्याचीच. पण हीच पट्टी चिकटवून बॅटरीसकट, बटणासकट, रंगीत खोक्यात घालून 'मॉड्यूल' विकलं जाऊ लागलं. बॅटरी टाकली की चालू होणारी वस्तू कुणाचा सुटा भाग असते, हे विचारायला प्रत्येक पार्सलामागे एक अधिकारी हवा.

मधल्या मध्ये अडकला तो खरा हौशी माणूस. डीव्हीडी रायटरमधून लाल डायोड काढायचा, त्याला प्रवाह नियंत्रित करणारं सर्किट जोडायचं, टॉर्चच्या कवचात उष्णता बाहेर काढायची सोय करायची, ही एक खरीखुरी कारागिरी आहे. स्वतःसाठी एक बनवला तर कायद्याला त्याचं काही नाही. चार मित्रांनी मागितला, यानं चार बनवून विकले, की तो बनवण्या-जुळवण्याचा धंदा करणारा 'उत्पादक' ठरू शकतो. मग वस्तू नियमांत बसते असं त्यानं स्वतः प्रमाणित करायचं, एफडीएकडे उत्पादन-अहवाल द्यायचा, दरवर्षी वार्षिक अहवाल. अहवाल पोचला की एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक म्हणजे निव्वळ पोचपावती, मंजुरी नव्हे. तरीही जाहिरातीत तो प्रमाणपत्रासारखा मिरवला जातो. न केल्यास मूळ कायद्यानं एका उल्लंघनाला हजार डॉलर आणि एकाच मालिकेतल्या उल्लंघनांना मिळून तीन लाख डॉलरपर्यंत दंड. गराजमध्ये बसून चार नळ्या विकणारा हे वाचून गार होतो. समुद्रापलीकडून महिन्याला हजारो पाठवणारा वाचतच नाही, कारण त्याच्यापर्यंत कुणाचा हात पोचत नाही. एफडीए बंदरावर माल अडवू शकते, आयातदाराकडून घोषणापत्र मागू शकते, परदेशी विक्रेत्याचं नाव सावधगिरीच्या यादीत टाकू शकते. पण आयातदार कोण? तर ज्यानं घरी बसून एक नळी मागवली तो.

अडवणाऱ्यानं पट्टीवरचा आकडा बघायचा, तर आकड्याचं निराळंच नाटक. सीमाशुल्कवाल्यांना दाखवायला नळीवर 'पाचपेक्षा कमी', आणि गिऱ्हाइकाला भुलवायला जाहिरातीत 'दोनशे'. खरी ताकद दोन्हींपेक्षा वेगळी. अमेरिकेच्या मानक संस्थेनं, एनआयएसटीनं, २०१३ मध्ये १२२ पॉइंटर मोजल्याचं जाहीर केलं. हिरव्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्के आणि लालांपैकी सुमारे चव्वेचाळीस टक्के नियमाबाहेर निघाले.

हिरव्यांची गत इतकी वाईट का, याचं कारण त्यांच्या पोटात आहे. स्वस्त हिरवा लेझर मुळात हिरवा नसतोच. आत ८०८ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त डायोड असतो. तो एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ निघतो, तोही अदृश्यच. मग दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करतो, तेव्हा कुठं ५३२चा हिरवा हाती लागतो. उरलेला अवरक्त प्रकाश अडवायला शेवटी काचेची एक बारीकशी गाळणी लागते. पैसे वाचवायचे तर पहिली गाळली जाते ती हीच. एनआयएसटीच्याच शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये पंधरा डॉलरांच्या पॉइंटरांबद्दल लिहिलं होतं. त्यांतला एक हिरवा म्हणून अगदीच फिका होता, पण त्यातून जवळपास वीस मिलिवॅट अवरक्त बाहेर पडत होतं. जे दिसत नाही त्याला पापणी मिटत नाही. शिवाय हिरवा फिका पडतोय म्हणून माणूस नळीत डोकावून पाहण्याचीच शक्यता जास्त.

विकणारा हाती लागत नाही म्हटल्यावर सरकारांनी मोर्चा वळवला वापरणाऱ्याकडे. निमित्त झालं विमानांचं. रात्री उतरताना वैमानिकाच्या काचेवर खालून हिरवा झोत आला की काचेवरच्या बारीक ओरखड्यांत तो पसरतो आणि अख्खं कॉकपिट उजळून निघतं. अमेरिकेत २०१० मध्ये अशा २,८३६ घटना नोंदल्या गेल्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये विमानावर लेझर रोखणं हाच स्वतंत्र केंद्रीय गुन्हा झाला, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. माणसं पकडली गेली, तुरुंगात गेली, एफबीआयनं बक्षिसं लावली. २०२३ मध्ये घटना किती? १३,३०४. नोंदी आता जास्त चोख होतात हे धरूनही, रोखणाऱ्या हाताला शिक्षा केल्यानं नळ्या कमी झाल्या नाहीत हे उघड आहे. ब्रिटनमध्येही २०१८चा कायदा प्रामुख्यानं वापरणाऱ्याविरुद्धच आहे. वाहनावर, विमानावर, बोटीवर लेझर मारून चालकाला दिपवलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. विक्रेत्याला परवाना लावायचा का यावर तिथं बरीच चर्चा झाली आणि शेवटी तो लावला गेला नाही. भर राहिला तो आयात-तपासणी आणि लेबलांवर.

ऑस्ट्रेलियानं उलटा रस्ता धरला. २००८ मध्ये सिडनीला उतरणाऱ्या विमानांवर एकदम अनेक ठिकाणांहून लेझर रोखले गेले आणि त्या धसक्यानं १ जुलै २००८ पासून एक मिलिवॅटवरच्या पॉइंटरांच्या आयातीवरच बंधन आलं. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात तर एक मिलिवॅटवरचा पॉइंटर प्रतिबंधित शस्त्रांच्या यादीत गेला. मग आकाशदर्शनवाले ओरडले. एकमेकांना तारा बोटानं दाखवता येत नाही; हिरव्या किरणानं दाखवला की पंचवीस माणसांना एकदम कळतं. व्हिक्टोरियात खगोल संस्थेच्या सदस्यांना सूट द्यावी लागली. स्वित्झर्लंड आणखी पुढे गेला : २०१९ पासून पहिल्या वर्गापलीकडचे पॉइंटर विकणं बंद, आणि वर्षभराची सवड देऊन ते जवळ बाळगणंही बंद. हे कडक वाटतं. पण 'कशासाठी' या प्रश्नात हे देश शिरलेच नाहीत, फक्त ताकद बघितली, हे मला त्यातलं शहाणपण वाटतं.

जाता जाता एक विसंगती. युद्धात शत्रूला कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेल्या लेझर-शस्त्रांवर ऑक्टोबर १९९५ मध्ये व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय बंदी ठरली, आणि भारतही त्या करारात आहे. रणांगणावर सैनिकाच्या डोळ्याला जे अभय आहे ते पुण्याच्या लक्ष्मी रोडवर विसर्जन बघायला उभ्या असलेल्या पोराच्या डोळ्याला अजून लेखी मिळालेलं नाही.

आपल्याकडे प्रश्न पॉइंटरपुरता राहिलाच नाही. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, लोखंडी ट्रसवर चढून आला. डीजेच्या भिंती, वर शार्पी नावाचे अरुंद झोताचे दिवे, आणि त्यांच्या मध्ये गर्दीवर झाडूसारखे फिरणारे लेझर. २०२३ च्या विसर्जनानंतर पुण्या-कोल्हापुरातल्या नेत्रतज्ज्ञांकडे अंधुक दिसण्याची तक्रार घेऊन तरुण आले. तपासलं तर पडद्यावर रक्तस्राव झालेला. राज्यातल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेनं बंदीची मागणी केली. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझरवर मनाई आदेश काढला. त्याच वर्षी मिरवणुकांतल्या डीजे आणि लेझरविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा लेझरनं डोळ्यांना अपाय होतो याचा शास्त्रीय पुरावा कुठे आहे, असं खंडपीठानं याचिकाकर्त्यांना विचारलं. न्यायालयापुढे आलेल्या कागदांवर तो प्रश्न कदाचित बरोबर असेल. पण पुरावा जगात पन्नास वर्षांपासून आहे. किती मिलिवॅटला किती वेळात इजा, याचे तक्ते आंतरराष्ट्रीय मानकात छापलेले आहेत, आणि भारतीय मानक त्यावरच बेतलेलं आहे. फक्त ते मानक पाळलंच पाहिजे, अशी सक्ती विकणाऱ्यावर कुणी केलेली नाही.

का केलेली नाही, याचं एक उत्तर एका जुन्या व्याख्येत मिळतं. अमेरिकेच्या १९६८च्या कायद्यानं दिसणारा प्रकाशही प्रारणांत धरला. आपल्या १९६२च्या अणुऊर्जा कायद्यानं प्रारणाची व्याख्या करताना दृश्य, अवरक्त आणि अतिनील प्रकाश स्पष्ट शब्दांत वगळला. त्या काळी आणि त्या हेतूसाठी ते बरोबरच होतं; अणुभट्टीचा कायदा विजेच्या बल्बला कशाला लावायचा? परिणाम असा झाला की क्ष-किरणाच्या यंत्राला आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, आणि दहा वॅटचा शो-लेझर भाजीसारखा विकत घेता येतो. त्याचं पालकत्व कोणत्या खात्याकडे, हाच प्रश्न सुटत नाही.

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात अशी नळी हातात घेऊन बघण्यासारखी आहे. काळं ॲल्युमिनियम, वर खरखरीत नक्षी, पेनापेक्षा जाड. टोकाला एक सुटं टोपण. ते लावलं की एका किरणाचे शेकडो ठिपके होतात आणि छत ताऱ्यांनी भरतं. बूड फिरवलं की आत लॅपटॉपच्या बॅटरीतली असते तसली एक जाडजूड बॅटरी. आणि बुडाशी कुलूप! रिंगमध्ये अडकवलेल्या दोन चिमुकल्या किल्ल्यांसकट. पिवळ्या पट्टीवर लिहिलेलं : धोका, तिसरा वर्ग, हजार मिलिवॅटपेक्षा कमी. तिसरा वर्ग पाचशेलाच संपतो, मग हजार कुठून आले? आणि 'पेक्षा कमी' म्हटलं की एकही असतो, नऊशे नव्व्याण्णवही असतो. दुकानदाराला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "दादा, डोळ्यात नका मारू फक्त. दोन किलोमीटर जातंय." मग त्यानं समोरच्या इमारतीच्या टाकीवर मारून दाखवलं. किल्ली कशाला, तर "लहान पोरांनी चालू करू नये म्हणून." अमेरिकी नियमातल्या पाच-सहा अटींपैकी जी दिसायला रुबाबदार तेवढी एक उचलली गेली होती. झडप नाही, किरण चालू असल्याचा दिवा नाही, दुरून तोडायची जोडणी नाही.

त्याला दोष देऊन तरी काय करणार? तो जे विकतो ते विकू नये असं त्याला कुठल्याच कागदानं सांगितलेलं नाही. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. पण ही नळी खेळणं म्हणून विकली जात नाही, ती 'पॉइंटर' आहे. पुन्हा तोच उद्देशाचा खेळ, फक्त इथं बाजू उलटी : तिकडे पॉइंटर म्हणू नका, इकडे खेळणं म्हणू नका.

मिरवणुकीतला लेझर तर मंडळाचा नसतोच. मंडळ सुपारी देतं लाइटवाल्याला, लाइटवाला दोन नग स्वतःचे आणतो, चार भाड्यानं उचलतो. चालवणारा पोरगा कुठून तरी रोजंदारीवर आलेला. अमेरिकेत असा खेळ करायचा तर लेझर बनवणाऱ्यालाही आणि खेळ करणाऱ्यालाही एफडीएची खास सवलत-परवानगी लागते, आणि तिच्यात नेहमीची अट असते : लोक जिथं उभे असतील तिथून किरण निदान तीन मीटर वर आणि अडीच मीटर बाजूला. लक्ष्मी रोडवर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत माणसं, खाली माणसं, समोर गणपतीच्या रथावर माणसं. तीन मीटर वर धरलं तर नेमके गॅलरीतल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत. आणि अशा वेळी काय होऊ शकतं ते रशियात दिसलं आहे. जुलै २००८ मध्ये मॉस्कोजवळच्या किर्झाचला उघड्यावरच्या संगीत-जत्रेत पाऊस आला म्हणून मंडप ताणले गेले. आकाशात जायचे ते किरण मंडपाला आपटून गर्दीत आले आणि डझनावारी लोकांच्या दृष्टीला इजा झाली. मंडप घालायला आपल्याला तर पावसाचीही वाट बघावी लागत नाही.

डोळा गेलाच, तर दाद कुठं? भारतीय न्याय संहितेत कोणत्याही एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं ही 'जबर दुखापत'. निष्काळजी कृत्यानं ती झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण सहा ट्रॉल्यांवर वीस लेझर फिरत असताना तुमच्या डोळ्यात गेलेला किरण कुणाचा, हे सिद्ध कसं करणार? त्याला ना गोळीसारखी पुंगळी, ना नंबरप्लेट. मग ग्राहक कायदा? २०१९च्या कायद्यानं सदोष वस्तूबद्दल उत्पादक आणि विक्रेत्याला जबाबदार धरण्याचं नवं प्रकरण आणलं. पुरेशी सूचना न देणं हाही त्यात दोषच. वाचताना वाटतं, सापडलं. पण ती जबाबदारी आहे 'ग्राहका'ला झालेल्या हानीची. मिरवणूक बघायला उभा राहिलेला पोरगा कुणाचा ग्राहक? त्यानं लेझर घेतला नाही, भाड्यानं आणला नाही, चालवलाही नाही. हाँगकाँगच्या त्या कबुलीनाम्यातून जो तिसरा माणूस सुटला, तोच आपल्या ग्राहक कायद्यातूनही सुटतो. त्याला उरतो दिवाणी दावा, आणि आपल्याकडच्या दिवाणी दाव्याबद्दल इथं वेगळं लिहायला नको.

तरी याच कायद्यात एक हत्यार पडून आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक माल बाजारातून परत मागवण्याचा आणि विक्री थांबवण्याचा अधिकार आहे, आणि त्यासाठी कुणाचा डोळा जाण्याची वाट बघावी लागत नाही. २०२३ मध्ये सीटबेल्टचा गजर गप्प करणाऱ्या क्लिपा या प्राधिकरणानं ऑनलाइन बाजारांतून काढायला लावल्या. २०२५ मध्ये परवान्याची माहिती न देता वॉकी-टॉकी विकणाऱ्या संकेतस्थळांना नोटिसा काढल्या. दोन्ही वेळा बोट ठेवलं ते विकणाऱ्यावर, वापरणाऱ्यावर नाही. जोडीला एक गुणवत्ता आदेश काढून लेझरचं मानक सक्तीचं केलं, तर बुधवार पेठेतल्या त्या नळीला निदान खरा आकडा छापावा लागेल. शो-लेझरसाठी भाड्यानं देणाऱ्याची नोंदणी आणि चालवणाऱ्याला प्रशिक्षण, एवढं केलं तरी 'किरण कुणाचा' या प्रश्नाला पत्ता मिळेल. यात हौशी मंडळींचं काही बिघडत नाही. वांगणीच्या माळावर आकाशदर्शनात कुणी मृगातला काक्षी तारा हिरव्या किरणानं दाखवत असेल तर त्यानं तो खुशाल दाखवावा. पाच मिलिवॅटमध्ये अंधाऱ्या रात्री सगळं आकाश दाखवून होतं.

तूर्त कारभार चाललाय तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालच्या मनाई आदेशावर. म्हणजे आपलं जुनं १४४. आदेश मोडला तर न्याय संहितेच्या कलम २२३ खाली, माणसांच्या जिवाला धोका झाला असला तरी, दंड जास्तीत जास्त पाच हजार. एक वर्षापर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे, पण लाइटवाला हिशेब करतो तो दंडाचा, आणि एका रात्रीच्या सुपारीत पाच हजार कुठं बसतात ते त्याला विचारावं. शिवाय पोलिसांच्या अशा आदेशाचं आयुष्य दोन महिन्यांचं. २०२४ चा पुण्याचा आदेशही साठ दिवसांचा होता. गणपतीला काढलेला आदेश तुळशीच्या लग्नाआधीच संपतो, आणि तुळशीच्या लग्नानंतर लाइटवाल्यांच्या डायरीत वरातींच्या तारखा लागतात. तेच लेझर, तीच पोरं, रस्ता मात्र आणखी अरुंद.